आत्याचा लॅपटॉप आणि खुर्चीमागे उभी राहणारी माणसं

माझी आत्या वाईला राहते. 2 ऑक्टोबर 2025 ला, दसऱ्याच्या दिवशी, तिच्या पाटावर विळी-कोयत्याशेजारी एक लॅपटॉपही होता. तिने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि संध्याकाळी, वयाच्या 61व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. त्या दिवसापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मी एका वहीत नोंदी ठेवल्या. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे.

लॅपटॉप तिच्या मुलाचा, 2016 साली घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, त्यावर विंडोज 10. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते या यंत्रावर रीतसर चढणार नव्हतं. एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय होती, पण ती घेऊन प्रश्न फक्त पुढच्या ऑक्टोबरवर गेला असता. नवा लॅपटॉप घ्यायला आत्याने साफ नकार दिला. "चालतंय की हे, मग टाकायचं कशापायी?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालायचं ठरलं.

मी गेली पंधरा वर्षं लिनक्सवरच काम करते. त्यामुळे "नवख्या माणसाला हे जमेल का?" या प्रश्नावर माझं मत कधीच तटस्थ नव्हतं. मला हे खरोखर जमायला हवं आहे. म्हणूनच या वेळी स्वतःवर दोन बंधनं घालून घेतली. आत्याच्या हातातला माऊस आपण घ्यायचा नाही, आणि ती जिथे अडेल ते त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं.

तिची कामं ठरलेली होती. तिच्या महिला बचत गटाचा हिशोब ती वहीत ठेवते, तो कॉम्प्युटरवर घ्यायचा होता. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून तिने जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आहेत. त्यांच्या तीन जाडजूड वह्या झाल्यात, त्या टाइप करायच्या होत्या. शिवाय फोनमधले फोटो उतरवून ठेवणं, बंगळूरला असलेल्या मुलाशी मोठ्या पडद्यावर बोलणं आणि कधीमधी सातबारा काढणं. फोन ती सफाईने वापरते. कॉम्प्युटरला मात्र तिने कधी हात लावला नव्हता.

यंत्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर श्रेय चुकीच्या ठिकाणी जाईल. लिनक्स घालण्याआधी मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी कितीतरी वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम 8 जीबी केली. "लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप पळायला लागला" अशा कथा आपण ऐकतो. इथे पळण्याचं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे. तेवढी केली असती तर विंडोजही बरंच सुधारलं असतं.

पहिला डेस्कटॉप, आणि तो का बदलावा लागला

लिनक्स म्हणजे आतलं इंजिन. पडद्यावर दिसणारा मेनू, खिडक्या, फायलींचं कपाट, घड्याळ, सेटिंग हा सगळा संसार वेगळ्या प्रकल्पांचा असतो. त्यालाच डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. योगायोग असा, की ज्या 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा आधार संपला, त्याच तारखेला 1996 साली मॅथियास एट्रिच या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली होती. युनिक्सच्या यंत्रावर साध्या वापरकर्त्यालाही रोजची कामं एकसारख्या दिसणाऱ्या खिडक्यांतून करता यावीत, हा त्याचा हेतू होता. केडीई क्यूटी नावाच्या ज्या लायब्ररीवर, म्हणजे खिडक्या-बटणं घडवणाऱ्या तयार कोडवर, उभं होतं, तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून 1997 मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. म्हणजे नवख्याचा प्रश्न या मंडळींपुढे जवळजवळ तीस वर्षं आहे.

इंजिन आणि डेस्कटॉप एकत्र बांधून मिळणारे लिनक्सचे तयार संच असतात, फेडोरा, मिंट असे. मी आधी फेडोरा आणि त्यातलं मूळ ग्नोम घातलं. त्यामागे विचार होता. 2011 च्या एप्रिलमध्ये आलेल्या ग्नोम 3 ने खालची पट्टी काढली, खिडकीवरची मिनिमाइज-मॅक्झिमाइजची बटणं काढली आणि सगळ्या ॲपची फोनसारखी जाळी दिली. तेव्हा जुने वापरकर्ते इतके बिथरले की जुनं ग्नोम 2 पुढे चालवण्यासाठी माटे निघालं आणि लिनक्स मिंटने सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप उभा केला. मीही तेव्हा रागावलेल्यांत होते. पण आत्याकडे मोडण्यासारखी जुनी सवयच नव्हती. तिला फोन येत होता. मग फोनसारखा दिसणारा डेस्कटॉप तिला सोपा जाईल, असा माझा कयास होता.

तो बरोबर निघाला. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की उघड्या खिडक्या छोट्या होऊन समोर येतात, तेच दोनदा दाबलं की ॲपची जाळी येते, हे तिला दहा मिनिटांत कळलं. "फोनवाणीच हाय की," म्हणाली. मिनिमाइजचं बटण नाही, याची तिला कधी उणीवच भासली नाही, कारण मिनिमाइज म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी अनुभवी माणसांना जे ग्नोम उमगत नाही, ते हिने पहिल्याच आठवड्यात आपलंसं केलं. वहीत मी मोठ्या आनंदाने लिहिलं, "डेस्कटॉप पास."

दिवाळीत चित्र बदललं. आत्याने कुठेतरी काहीतरी दाबलं आणि आवाज बंद झाला. मी पुण्यात, कामात. तिने शेजारच्या बारावीतल्या पोराला हाक मारली. पोरगा हुशार, शाळेत आणि क्लासमध्ये विंडोज शिकलेला. तो खुर्चीमागे उभा राहिला, खाली-डावीकडे स्टार्टचं बटण शोधलं, सापडलं नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात आवाजाचं चिन्ह शोधलं, तिथेही काही नाही. ग्नोममध्ये ते वर उजवीकडे असतं. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "आजी, हे काहीतरी वेगळंच टाकलंय, हे बिघडलंय." पुढच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह लावताना असंच झालं, तेव्हा मदतीला आली होती बचत गटाच्या अध्यक्षबाईंची सून. ती बँकेत कॉम्प्युटरवरच काम करते. तीही म्हणाली, "मामी, हे आपल्याकडचं नाही."

या दोन प्रसंगांनी आत्याचा धीर जेवढा खचला, तेवढा आधीच्या महिन्यातल्या कुठल्याच चुकीने खचला नव्हता. तिला स्वतःला यंत्र कळत होतं. पण ज्यांना कॉम्प्युटर येतो असं गल्ली मानते, त्यांनी ते बिघडलेलं ठरवलं होतं. तिने दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही.

या प्रकरणातून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. नवखा वापरकर्ता एकटा नसतो. त्याच्या खुर्चीमागे कोणीतरी उभं असतं, भाचा, शेजारी, झेरॉक्सवाला, महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा. डेस्कटॉप "सोपा आहे का" हे आपण पडद्यासमोर बसलेल्या माणसावरून तपासतो. पण अडल्यावर यंत्र वापरात राहणार की कपाटात जाणार, हे मागे उभ्या असलेल्या माणसावर ठरतं. ग्नोम आत्यासाठी तयार होतं, तिची गल्ली ग्नोमसाठी तयार नव्हती.

दिवाळी संपल्यावर मी लिनक्स मिंट 22.2 घातलं, सिनॅमनसह. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि आवाज. आत्याला हे पहिले तीन-चार दिवस ग्नोमपेक्षा अवघड गेलं, ही नोंद मी मुद्दाम करते. खिडकी मिनिमाइज झाली की तिला ती बंद झाल्यासारखी वाटे आणि ती नवीन उघडत बसे. पण पुढच्या वेळी शेजारचा पोरगा आला, तेव्हा त्याने क्षणात आवाजाचं चिन्ह शोधलं आणि म्हणाला, "आता नीट झालंय बघा." तेव्हापासून लॅपटॉप रोज उघडला जाऊ लागला.

फाइल गेली कुठे

यानंतरच्या अडचणींपैकी सगळ्यात जुनाट अडचणीचा लिनक्सशी काही संबंध नाही. आत्याने हिशोबाचा पहिला तक्ता केला, सेव्ह केला, खिडकी बंद केली आणि विचारलं, "आता तो कुठं हाय?"

फोनमध्ये या प्रश्नाला उत्तर असतं. फोटो गॅलरीत असतो, निरोप व्हॉट्सॲपमध्ये असतो, म्हणजे जिथे केलं तिथेच ते सापडतं. कॉम्प्युटरवर मात्र तक्ता कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये, केला तरी राहतो फोल्डरमध्ये, आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम तिसराच. हिशोबाची वही कपाटात कुठल्या फळीवर ठेवली हे तिला अंधारात सांगता येतं. पण इथे वही एका खोलीत लिहायची आणि ती आपोआप दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, असं तिला वाटे. डाउनलोड केलेला सातबारा डाउनलोडमध्ये, व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेला फोटोही डाउनलोडमध्ये, पण स्वतः लिहिलेलं मात्र डॉक्युमेंट्समध्ये. हा फरक तिला महिनाभर पटला नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो पटवून देता आला नाही.

शेवटी आम्ही डेस्कटॉपवरच तीन फोल्डर केले, "बचत गट", "ओव्या" आणि "बाकी", आणि ब्राउझरला सांगितलं की प्रत्येक डाउनलोडच्या वेळी जागा विचार. पसारा झाला, पण तिला दिसणारा पसारा झाला. स्मार्टफोनवरून कॉम्प्युटरकडे येणाऱ्या पिढीला ही अडचण विंडोजवरही येते, मॅकवरही येते. फक्त लिनक्सवर आली की दोष लिनक्सला लागतो.

डबल क्लिकचंही तसंच. तिची बोटं आखडलेली, त्यामुळे दोन क्लिकच्या मध्ये माऊस सरकायचा आणि फाइल उघडण्याऐवजी भलतीकडे ओढली जायची. मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये एका क्लिकवर उघडण्याची सोय आहे. ती चालू केली आणि तो विषय संपला.

मराठी

आता ज्यासाठी आत्याला कॉम्प्युटर हवा होता, त्याकडे येते. ओव्या.

सुरुवातीला मी पूर्ण यंत्रणाच मराठीत केली. मला वाटलं, तिला आवडेल. मेनूतली निम्मी नावं मराठीत आली, निम्मी इंग्रजीतच राहिली. स्वयंसेवकांनी जेवढं भाषांतर पूर्ण केलंय तेवढंच दिसणार. जे मराठीत आलं त्यात फोल्डरला "संचयीका" होतं. आत्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, ज्ञानेश्वरीचं पारायण करणारी बाई. तिने तो शब्द दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुठलं मराठी गं?" दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, पुन्हा इंग्रजी कर. फाइल, फोल्डर, सेव्ह हे शब्द तिने गटाच्या बैठकीत आणि बँकेत ऐकलेले आहेत, ते तिला परके नाहीत. मदतीला येणारी माणसंही तेच शब्द बोलतात.

यात भाषांतर करणाऱ्यांना कमी लेखायचं नाही. मोजक्या माणसांनी, बरेचदा रात्री जागून, हजारो वाक्यं मराठीत आणली आहेत. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या चमूने भारतीय भाषांसाठी केलेलं काम नसतं, तर आज लिनक्सवर देवनागरी धड दिसलीही नसती. 2004 मध्ये खुले झालेले लोहित फॉन्ट आजही वापरात आहेत. पण शब्द निवडताना समोर वापरकर्ता नव्हता, हे आत्याच्या शेजारी बसल्यावर लख्ख दिसतं.

टाइप करणं ही त्याहून मोठी चढण. फोनवर ती इंग्रजी अक्षरांत "pavsala" असं काही लिहीत नाही, ती बोलते आणि फोन लिहितो, किंवा दोन अक्षरं लिहिली की शब्द सुचवले जातात. डेस्कटॉपवर तसं सुचवणारं काही आधीपासून चालू नसतं. आयबस नावाच्या व्यवस्थेतून मराठीसाठी बऱ्याच पद्धती मिळतात, उच्चाराप्रमाणे लिहिण्याच्याही. "गमभन" ही मराठी माणसांनी मराठीसाठी घडवलेली पद्धतही त्या कुटुंबात आहे. पण उच्चारी पद्धतीला आधी इंग्रजी स्पेलिंग मनात आणावं लागतं. "ठ"साठी टी की टी-एच, कॅपिटल की साधं, यातच आत्या दमली.

मग इनस्क्रिप्ट लावलं, भारत सरकारने प्रमाण म्हणून स्वीकारलेली कळफलकाची मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट धरलं की ख. तसंच त-थ, प-फ, ब-भ. हे कळताच आत्याचे डोळे चमकले. "म्हणजे बाराखडीच हाय की ही!" इंग्रजी मध्ये येत नाही, हे तिच्या दृष्टीने मोठं सुख होतं. मी कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. पहिली ओवी टाइप करायला तिला सबंध दुपार लागली. नाताळपर्यंत ती एका बैठकीत पानभर लिहू लागली होती.

दोन अक्षरांनी मात्र झगडायला लावलं. ओव्यांत वारा येतो, दऱ्या येतात. "वाऱ्यावर" लिहिताना र-हलन्त-य दाबलं की "वार्यावर" होतं, रफार वर जातो. मराठीतला डोळ्याच्या पापणीसारखा र हवा असेल तर शिफ्ट धरून वेगळा "ऱ" घ्यावा लागतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, मी सांगितलं म्हणून कळलं. एकटी असती तर तिने "वार्यावर"च लिहीत तिन्ही वह्या संपवल्या असत्या.

दुसरं अक्षर तिनेच पकडलं. लिब्रेऑफिसमध्ये लिहिलेलं पान तिने न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्यो ल आपला न्हाई." खरंच नव्हता. दंड असलेला, हिंदी वळणाचा ल होता, आणि श सुद्धा. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात मराठीसाठी जी वर्णमाला ठरवून दिली, तिच्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं. लिब्रेऑफिसने देवनागरी मजकुराची भाषा मुकाट्याने हिंदी धरली होती. सेटिंगमध्ये मराठी निवडलं आणि सगळे ल, सगळे श एका क्षणात बदलले. आत्या पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आता माझ्या आईच्या ओव्या वाटतात." मी बरीच वर्षं हेच सॉफ्टवेअर वापरते आहे आणि हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

गटाचे जुने ठराव मात्र वाचता आले नाहीत. ते डीटीपीच्या दुकानात कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झालेले. त्या पद्धतीत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर "मराठी"च्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. एका पतसंस्थेने पाठवलेला अर्जाचा नमुनाही तसाच निघाला. महाराष्ट्रातल्या कित्येक लहान कार्यालयांत आजही हीच गाठ आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारख्या वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत, उतरवणारी साधनं आहेत, पण ती चालवणं हे नवख्याचं काम नाही. मी ते पुण्यात बसून करून दिलं.

पासवर्ड कोण मागतंय

एक प्रसंग मला अजून टोचतो. आत्याला रोज पासवर्ड लिहायला नको म्हणून मी आपोआप लॉगिन चालू ठेवलं होतं. नोव्हेंबरात मुलाशी व्हिडिओवर बोलण्यासाठी शेजारच्या पोराने क्रोम बसवलं. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी स्वतंत्र ॲप नाही, म्हणून ते गूगल मीटवर बोलणार होते. क्रोम उघडलं आणि मधोमध एक खिडकी आली, किल्ल्यांचा जुडगा उघडलेला नाही, पासवर्ड द्या.

आत्या थबकली. बँकेत, टीव्हीवर, फोनच्या रिंगमध्येही तिला सारखं बजावलं जातं, अनोळखी ठिकाणी पासवर्ड देऊ नका. तिने लॅपटॉप तसाच मिटला आणि मला फोन केला, "कुणीतरी पासवर्ड मागतंय. आपलं खातं रिकामं करतील का गं?"

ती अगदी बरोबर वागली. चूक त्या खिडकीची होती. तांत्रिक कारण सरळ आहे. ब्राउझर आपले साठवलेले पासवर्ड ज्या कुलुपबंद जागेत ठेवतो, ती जागा लॉगिनच्या पासवर्डने उघडते. आपोआप लॉगिनमध्ये पासवर्ड दिलाच जात नाही, मग ते कुलूप नंतर वेगळं उघडावं लागतं. पण खिडकीत यातलं काहीच साध्या शब्दांत लिहिलेलं नव्हतं. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, नाही दिलं तर काय होईल, यातलं एकही नाही. आपण लोकांना सावध राहायला शिकवतो आणि मग आपलीच यंत्रणा ठगासारखी बोलते. ही अडचण वर्षानुवर्षं माहीत असलेली आहे आणि जाणकार ती दोन मिनिटांत सोडवतात, म्हणूनच ती तशीच राहते. मी आपोआप लॉगिन बंद केलं. आता ती सकाळी एकदा पासवर्ड लिहिते आणि ती खिडकी पुन्हा आलेली नाही.

अपडेटचंही असंच होतं. कोपऱ्यातल्या ढालीवर ठिपका दिसला की तिला धास्ती वाटायची. आम्ही ठरवलं, ढालीला हात फक्त एकादशीच्या दिवशी लावायचा. महिन्यातून दोनदा, उपासाच्या दिवशी, ती अपडेट करते. एकदाही काही मोडलं नाही.

छपाई

इथे यंत्रणा हरली. घरात मुलाचा जुना लेझर प्रिंटर होता. त्याच्या कंपनीने विंडोजसाठीच नीट ड्रायव्हर केलेला, लिनक्सचा जो होता तो जुना, आणि तीन रविवार घालवूनही एक पान धड निघालं नाही. आज बाजारात येणारे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय, नेटवर्कवरून थेट चालतात, आणि ते लिनक्सवर खरोखर जोडल्या जोडल्या चालतात. पण जुन्या यंत्रावर जगणाऱ्या माणसाकडे प्रिंटरही जुनाच असतो. जुना कॉम्प्युटर वाचवायला लिनक्स घ्या म्हणताना हे आपण सांगत नाही. आता ती पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवते. प्रिंटर कापडाखाली झाकलेला आहे.

गल्ली तयार करता येते

खुर्चीमागच्या माणसांबद्दल मी जे म्हटलं, त्याचा मोठा पुरावा आपल्या देशातच आहे. केरळने 2001 मध्ये शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प काढला आणि काही वर्षांत तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे लिनक्ससारख्या कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नेला. 2017 मध्ये त्याचं "काइट" या शासकीय कंपनीत रूपांतर झालं. आज तिथल्या शाळांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि आठवी ते दहावीची मुलं त्यावरच शिकतात, परीक्षा देतात. तिथे वापरलेला डेस्कटॉप काही जगावेगळा नव्हता, तुम्हाआम्हाला मिळतो तोच. वेगळं होतं ते बाकीचं. मास्टर ट्रेनर शिक्षक, शाळाशाळांत आयटीची जबाबदारी असलेला शिक्षक, मल्याळम लिपीत काम करणारे स्वयंसेवक, 2018 पासून मुलांचे "लिटल काइट्स" गट. तिथल्या घरात आजी अडली, तर मागे उभा राहणारा नातू लिनक्स शिकलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडे 2001 मध्येच एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं, आणि एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांच्या मनातली कॉम्प्युटरची भीती घालवली. ते काम मोठंच आहे. पण शिकणाऱ्याच्या बोटांना सवय लागली ती विंडोजची आणि एमएस ऑफिसची. म्हणून वाईतला हुशार पोरगा ग्नोम बघून "बिघडलंय" म्हणाला. डेस्कटॉपच्या सोपेपणात केरळ आणि महाराष्ट्र यांच्यात तसूभर फरक नाही.

फेब्रुवारीअखेरची स्थिती

बचत गटाचा हिशोब जानेवारीपासून कॅल्कमध्ये आहे. हप्ता, कर्ज, व्याज, शिल्लक, चार स्तंभ. बेरजेचं सूत्र ती स्वतः ओढते. वही तिने सोडलेली नाही, दोन्हीकडे लिहिते आणि महिनाअखेरीस ताडून बघते. ओव्यांची पहिली वही पूर्ण टाइप झाली. मुलाशी बोलणं रविवारी रात्री ठरलेलं आहे. फोटो केबलने उतरवताना फोनवर "फाइल ट्रान्सफर" निवडायचं ती अजून विसरते. एकदा वीज गेली, बॅटरी जुनी, लॅपटॉप बंद पडला आणि परत चालू केल्यावर लिब्रेऑफिसने "फाइल परत मिळवू का" असं विचारलं. तिने न घाबरता हो म्हटलं. ती नोंद माझ्या वहीत अधोरेखित आहे.

मिंटच्या या आवृत्तीला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर मोठी उलथापालथ नाही. त्यानंतरची चढती आवृत्ती ती स्वतः घालू शकणार नाही, ते मला किंवा दुसऱ्या कुणाला करावं लागेल.

मागच्या भेटीत शेजारचा पोरगा आला होता. आत्या त्याला शिफ्ट धरून "ऱ" कसा काढायचा ते दाखवत होती. जाताना त्याने मला विचारलं, वडिलांच्या किराणा दुकानातल्या कॉम्प्युटरवरही हेच टाकायचं का, तोही विंडोज 10 वर आहे. मी विचारलं, बिलं कशात करता? टॅलीत, म्हणाला. जीएसटीचं सगळं तिथेच, सीए पण तेच मागतो. टॅली विंडोजवरच चालतं. मी त्याला सांगितलं की दुकानात हे टाकू नका, वाढीव अपडेट घ्या आणि ते संपायच्या आत यंत्र बदलायचं बघा. त्याच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपसाठी मात्र मी मिंट बसवायचा पेन ड्राइव्ह करून दिला.